खेळताना संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, तेव्हा



तुम्ही म्हणाल, कपाशी आणि कांदा सोडून हे शेतकी साहेब आज संगणकावर कुठे घसरले? पण संगणक आता तुमच्या माजघरात आला आहे. कुणी मुलांच्या अभ्यासाला घेतला, कुणी सातबाऱ्याचे उतारे आणि योजनांचे अर्ज भरायला. दिवसा अर्ज भरतात, रात्री मुले त्यावर गेम खेळतात. आणि गेम रंगात आला की एकाएकी पडदा काळा होतो, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. मग घरात एकच वाक्य ऐकू येते : "खेळून खेळून वाटोळे केलेस!"

हेच वाक्य मीही माझ्या भाच्याला ऐकवले होते. पोरगा बारावीला. तालुक्याच्या दुकानदाराने दहा मिनिटे बघून सांगितले की मदरबोर्ड गेला, आठ हजार लागतील. दाजी म्हणाले, आठ हजार घालण्यापेक्षा भंगारात देतो. पोराने दोन दिवस धड जेवण केले नाही. अक्काने मला बोलावून घेतले ते त्याला समजावण्यासाठी, यंत्र बघण्यासाठी नव्हे.

त्याच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. अर्ज भरताना, सिनेमा पाहताना यंत्र तासन् तास चालते. गेम लावला की बंद पडते. आता तुम्हीच सांगा, विहिरीवरची मोटर नुसती फिरते, पण पाणी उचलायला लागली की स्टार्टर पडतो, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय बघता? व्होल्टेज बघता, केबल बघता, मोटर तापली का ते हात लावून बघता. संगणकाचेही तसेच आहे. टंकलेखन म्हणजे रिकामी गाडी, गेम म्हणजे उसाने भरलेली गाडी. भाराखालीच बंद पडत असेल तर आधी वीज आणि उष्णता या दोघांवर संशय घ्यावा.

भाच्याला मी एक वही करायला लावली. बंद पडले की वेळ लिही, काय चालू होते ते लिही, किती मिनिटांनी पडले ते लिही. फवारणीची नोंद ठेवतो ना, तशी. आठ दिवसांत त्या वहीने दोन वेगळे दोष उघडे केले.

पहिला दोष अक्काने पकडला. वहीतल्या काही वेळा वाचून ती म्हणाली, "अरे, तेव्हा मी मिक्सर लावला होता, दिवाही मिणमिणला होता." म्हणजे व्होल्टेज पडत होते आणि यूपीएस ते सावरत नव्हता. यूपीएस तपासणे सोपे आहे. महत्त्वाचे काम उघडे नसताना त्याचा प्लग भिंतीतून काढा. संगणक त्याच क्षणी बंद झाला तर बॅटरी संपली. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत दमतेच. यूपीएसवर ६०० लिहिलेले असते ते व्हीए. प्रत्यक्षात त्यातून ३६० वॅटच्या आसपासच भार चालतो, हेही लक्षात ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएसच्या बाजूला आहे ना, ते पाहा. आणि भिंतीतला सॉकेट काळा पडला असेल, प्लग ढिला बसत असेल, तर संगणकाआधी वायरमनला बोलवा.

बॅटरी बदलली. अर्ज भरताना बंद पडणे थांबले, पण गेम मात्र पडतच राहिला.

मग उष्णता बघितली. कॅबिनेट ठेवले होते कांद्याच्या पोत्यांशेजारी, भिंतीला टेकवून. आत पंख्यावर बोटभर धूळ! प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशने ती झाडली. (ओले फडके नको, हे अक्कासाठी सांगतो.) मग बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावून गेम चालवला. याने यंत्र जास्त वेळ टिकले तर उष्णतेचा दोष समजावा. उष्णतेचा दोष सहसा वीस-तीस मिनिटांनी येतो आणि लगेच पुन्हा खेळल्यास लवकर येतो. प्रोसेसरवरचा लेप वाळला असला तरी असेच होते. इथे मात्र गार यंत्रही दोन मिनिटांत पडले.

आता विंडोजमधली एक खूण सांगतो. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' अशी एक बरोबरची खूण असते, ती काढून टाका. मग बिघाडाचा संदेश असलेला पडदा येऊन थांबला तर दोष ड्रायव्हरचा किंवा रॅमचा असू शकतो. रॅम काढून नीट बसवावी, विंडोजची मेमरी तपासणी चालवावी. पण असा पडदा न येता थेट काळोख झाला तर बहुधा वीजच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद दिसते. ती पाहून घाबरू नका. यंत्र नीट बंद झाले नाही, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

भाच्याकडे थेट काळोख होत होता. म्हणून पॉवर सप्लायचे, म्हणजे दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात त्याचे, लेबल वाचले. वर ठळक ४५० वॅट. पण खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. गुणाकार करा : १९२ वॅट. गेमचा बहुतेक भार याच १२ व्होल्टवर येतो. पोराने वर्षापूर्वी जुने जीटीएक्स १०६० कार्ड घालून घेतले होते, ते १२० वॅटचे. प्रोसेसर ६५. झाले १८५, आणि गेममध्ये क्षणभर भार याहूनही वर उसळी घेतो. एका बैलाच्या जुवाखाली दोन बैलांचा नांगर! दुकानदाराने कार्ड बसवताना हे बघायला हवे होते, असे माझे मत आहे.

खात्री करायला गेममध्ये चित्रांची गती आणि दर्जा कमी केला. भार उतरला, यंत्र टिकले. मग शेजारच्या मुलाचा चांगला सप्लाय उसना आणून जोडला, पूर्ण दर्जावर दोन तास गेम चालला. मदरबोर्ड ठणठणीत होता. नवा ५५० वॅटचा सप्लाय साडेतीन हजारांत आला, पाच वर्षांच्या हमीसह.

जुना सप्लाय उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घेईपर्यंत मुलांना यंत्राजवळ जाऊ देऊ नका.

दाजींनी नव्या सप्लायचे बिल भाच्याच्या त्याच वहीत चिकटवून ठेवले आहे. मी पोराची क्षमा मागितली. तो म्हणाला, "मामा, राहू द्या, बसा, तुम्हाला क्रिकेट शिकवतो." तीनही डाव मीच हरलो.