हलकं फ्लायव्हील की मूळचं? पद्मिनीच्या निमित्ताने संशोधन प्रश्नाबद्दल

मालाडच्या गॅरेजांमध्ये आजही अधूनमधून एखादी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. टॅक्सी नव्हे, कुणीतरी जपून ठेवलेली घरची गाडी. अशा गाडीचा क्लच करायला गिअरबॉक्स उतरवला की एक प्रश्न हमखास निघतो: "उघडलंच आहे, तर फ्लायव्हील हलकं करून घेऊ का? पिकअप वाढेल."

पीएचडीची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटतो. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. आधी प्रश्नच नीट मांडावा लागतो, आणि मांडता मांडता अर्धं उत्तर मिळतं.

फ्लायव्हील करतं काय?

पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवा. पाय सतत सारखा जोर देत नाही, तरी सुई अडखळत नाही. खालचं जड चाक जोर मिळतो तेव्हा तो साठवतं आणि जोर नसतो तेव्हा परत देतं.

पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. दोन स्फोटांच्या मधला वेळ भरून काढण्याचं काम फ्लायव्हीलचं. ८०० आरपीएमच्या आयडलिंगला हे अंतर सुमारे ३७ मिलिसेकंद असतं. म्हणजे वेग वाढवताना जे जड चाक आपल्याला ओझं वाटतं, तेच आयडलिंगला इंजिनाला सांभाळून घेतं.

पहिली पायरी: कागदावरचा हिशेब

प्रयोगाआधी अंदाज काढायचा. खालचे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, हिशेबासाठी धरलेले आहेत. मूळ फ्लायव्हील ८ किलो, त्रिज्या १३ सेंटीमीटर. लेथवर ३ किलो कमी केलं.

आता पहिला चकवा. ३ किलो म्हणजे नक्की काय कमी झालं? फिरणाऱ्या वस्तूत वजनाइतकंच ते अक्षापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाने वाढतं. हेच ३ किलो कडेच्या दोन सेंटीमीटरमधून काढले तर जडत्व आघूर्ण साधारण ०.०४३ किलो-मीटर वर्गाने घटतं. मध्याजवळून, म्हणजे ३ ते ७ सेंटीमीटरच्या पट्ट्यातून काढले तर फक्त ०.००९ ने. तराजूवर दोन्ही फ्लायव्हील सारखी, गाडीत मात्र जवळपास पाच पटींचा फरक. त्यामुळे 'किती किलो कमी केलं?' हा प्रश्न अपुरा आहे. आपण मोजतो ती राशी आणि परिणाम घडवणारी राशी एकच आहे का, हे प्रत्येक संशोधनात आधी तपासायचं असतं.

पुढच्या हिशेबासाठी मूळ जडत्व आघूर्ण ०.०६८ आणि हलक्याचं ०.०२८ धरू. क्रँकशाफ्ट आणि क्लचचं जडत्व सोडून दिलंय, त्यामुळे प्रत्यक्षातले फरक थोडे कमी निघतील.

दुसरी पायरी: कोणत्या गिअरमध्ये?

चाकांपाशी फ्लायव्हीलचं 'वजन' किती जाणवतं हे एकूण गिअर गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं. पहिल्या गिअरला एकूण गुणोत्तर १६, टॉपला ४.३ आणि चाकाची त्रिज्या २९ सेंटीमीटर धरा. चालकासह गाडी १००० किलो.

- पहिला गिअर: फ्लायव्हील हलकं केल्याने गाडी जणू १२२ किलोंनी हलकी होते, दोन मोठी माणसं उतरल्यासारखी. तेवढाच जोर लावला तर प्रवेग सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो.
- टॉप गिअर: फायदा जेमतेम ९ किलोंचा. प्रवेगातला फरक एका टक्क्याच्या आत. टाकीत १२ लिटर पेट्रोल कमी असलं तरी एवढाच फरक पडेल.

'पिकअप वाढतं का?' याचं उत्तर आता असं: पहिल्या गिअरला वाढतं, टॉपला जवळपास नाही. पण पहिल्या गिअरच्या फायद्यालाही एक अट आहे. तो क्लच पूर्ण सोडल्यानंतरचा आहे.

तिसरी पायरी: एस. व्ही. रोडवर काय होईल?

संध्याकाळी मालाड स्टेशनजवळच्या एस. व्ही. रोडवर गाडी धावत नाही, सरकते. हाफ क्लच, दहा फूट पुढे, पुन्हा ब्रेक. इथे कामाला येते ती साठवलेली ऊर्जा. १५०० आरपीएमला मूळ फ्लायव्हीलमध्ये सुमारे ८४० जूल असतात, हलक्यात ३४५. १००० किलोंची गाडी ताशी ५ किलोमीटरने चालताना तिची गतिज ऊर्जा ९६५ जूल असते. फ्लायव्हीलमधली सगळी ऊर्जा अर्थातच चाकांपर्यंत पोचत नाही. इंजिन चालूच ठेवायचं असतं, शिवाय क्लच घसरताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. तरी राखीव साठा निम्म्याहून कमी झाला हे खरं. मग चालक जास्त रेस देतो, क्लच जास्त घसरवतो, नाहीतर गाडी बंद पडते. फ्लायओव्हरच्या चढावर थांबून निघताना हे आणखी जाणवेल.

आयडलिंगचंही तसंच. वेगातली चढउतार जडत्व आघूर्णाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे आपल्या आकड्यांनुसार ती २.४ पट होईल. आजच्या गाड्यांत संगणक आयडलिंग सावरून घेतो. पद्मिनीत कार्ब्युरेटर आणि पॉइंट आहेत, सावरायला कुणी नाही. उलट ३००० आरपीएमला तीच ऊर्जेची चढउतार १४ पट कमी जाणवते, कारण तिथे वेगाचा वर्ग भागाकारात येतो. म्हणून सतत वरच्या आरपीएमला चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीला हलकं फ्लायव्हील मानवतं. मालाडच्या ट्रॅफिकमधल्या गाडीचा बराच वेळ नेमका उलट्या टोकाला जातो.

चौथी पायरी: पुरावा म्हणून काय चालेल?

काम झाल्यावर मिस्त्री बहुधा न्यूट्रलमध्ये रेस देऊन दाखवतो. इंजिन झटकन वर जातं आणि झटकन खाली येतं. मालक खूश. यात फसवणूक काहीच नाही, फरक खराच आहे. पण न्यूट्रलमध्ये इंजिनाला गाडी ओढायची नसते, त्यामुळे फ्लायव्हीलचा परिणाम तिथे सगळ्यात मोठा दिसतो. मोजमाप बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. शोधनिबंध वाचताना असे 'न्यूट्रलमधले' पुरावे ओळखायची सवय लावून घ्या.

दुसरा गोंधळ त्याहून नेहमीचा. फ्लायव्हील बदलताना गिअरबॉक्स उतरतो, त्याच वेळी नवी क्लच प्लेट पडते, कार्ब्युरेटर साफ होतो, टायमिंग लावलं जातं. मग गाडी 'आधीपेक्षा' बरी चालते ती नेमकी कशामुळे? 'आधी' आणि 'नंतर'च्या मध्ये एकाहून जास्त गोष्टी बदलल्या असतील, तर श्रेय एकट्या फ्लायव्हीलला देता येत नाही.

नीट करायचं तर आधी नवा क्लच आणि ट्यूनिंग करून मूळ फ्लायव्हीलवरच मोजायचं. मग फक्त फ्लायव्हील बदलून मोजायचं आणि जमलं तर पुन्हा मूळचं लावून मोजायचं. चालक तोच, पेट्रोल तेवढंच, दोन्ही दिशांना फेऱ्या, आणि तेही रहदारीच्या रस्त्यावर नाही, बंद जागेत. टॉप गिअरला ३० ते ५० चा वेग गाठायला ८ सेकंद लागत असतील, तर एक टक्क्याचा फरक म्हणजे ०.०८ सेकंद. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची चूकच एक-दोन दशांश सेकंदांची असते. म्हणजे तो प्रयोग स्टॉपवॉचवर करण्यात अर्थ नाही, हे गाडी सुरू न करताच कळलं. कागदावरचा हिशेब आधी करायचा तो यासाठी.

मग निर्णय?

हिशेबात न मावणाऱ्या दोन गोष्टी उरतात. पहिली सुरक्षितता. ५००० आरपीएमला फ्लायव्हीलची कड सेकंदाला ६८ मीटर वेगाने फिरते. बिडाचं लोखंड ताण कमी सोसतं, आणि जुन्या बिडाच्या फ्लायव्हीलमध्ये तडे असू शकतात. ते लेथवर पातळ करणं धोक्याचं, कारण फुटलं तर तुकडे चालकाच्या पायांजवळून उडतात. हलकंच हवं असेल तर ते पोलादाचं, नीट बॅलन्स केलेलं हवं.

दुसरी गोष्ट, परत फिरण्याची सोय. कुर्ल्याच्या कारखान्यात आता पद्मिनी बनत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, आणि टॅक्सींसोबत सुट्या भागांची मोठी उलाढालही गेली. लेथवर उतरवलेलं लोखंड परत चढत नाही. म्हणून रविवारी मार्वेपर्यंत फिरायला निघणाऱ्या पद्मिनीला माझं उत्तर आहे: मूळचंच ठेवा, पृष्ठभाग साफ करून घ्या, पैसे चांगल्या क्लचवर घाला. गाडी रॅलीत किंवा ट्रॅकवर चालवायची असेल तर हलकं लावा, पण वेगळं बनवून घेऊन. मूळचं ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेवा.

तुमच्यासाठी गृहपाठ: बुलेटच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकच स्फोट होतो. ८०० आरपीएमला दोन स्फोटांमधलं अंतर काढा आणि तिला जड फ्लायव्हील का लागतं ते चार ओळींत लिहा. मग स्वतःच्या प्रस्तावातला मुख्य प्रश्न घ्या आणि त्याखाली तीन गोष्टी लिहा: परिणाम कोणत्या परिस्थितीत मोठा असेल, अंदाजे किती असेल आणि तुमच्याकडचं साधन तेवढा फरक पकडू शकेल का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर साधन बदला किंवा प्रश्न बदला, पण ते मुलाखतीआधी.