गाठ आधी तपासा, औषध मग

पायात काटा मोडला की जांघेत अवधान येतं, दाढ किडली की जबड्याखाली गाठ लागते. या लसिकाग्रंथी. जंतूंशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे वाढतात म्हणून त्या सुजतात, आणि दोन-तीन आठवड्यांत बसतात. मानेतली गाठ बसली नाही तर सातारा-सांगलीकडे पहिली शंका क्षयाची येते, आणि ती रास्तच आहे. गंडमाळ इथे जुनी. सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडीला क्षयाचं रुग्णालय उगीच उभं राहिलं नव्हतं. पण नुसत्या शंकेवर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची असली, तर हातचे महिने जातात. बर्किट लिम्फोमात आठवडेसुद्धा परवडत नाहीत.

डेनिस बर्किट या शल्यविशारदाने 1958 साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या या गाठींचं वर्णन केलं. आपल्याकडे हा विरळा आजार बहुधा पोटात सुरू होतो: पोट फुगतं, दुखतं, उलट्या होतात. पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. कारण जनुकात आहे. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं मिक हे जनुक आठव्या गुणसूत्रावरून तुटून बहुतेकदा चौदाव्यावर, प्रतिपिंडं बनवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. प्रतिपिंडांचं हे जनुक या पेशींत सतत चालू असतं. आठ तासांच्या शेतीच्या लाइनवरचा पंप गावठाणाच्या लाइनला जोडावा, तसं मिक मग थांबतच नाही.

निदानाला सुईने काढलेल्या चार पेशी सहसा पुरत नाहीत. शक्यतो अख्खी गाठ काढतात, पोटात खोलवर असेल तर जाड सुईने तुकडा घेतात. एक भाग फॉर्मालिनच्या बाटलीत, तर क्षयाच्या कल्चरसाठी दुसरा सलाइनमध्ये; फॉर्मालिनने जंतू मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशींची दाटी आणि मधेमधे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या फिकट पेशी दिसतात. डॉक्टर याला ताऱ्यांचं आभाळ म्हणतात. मग सीडी-20 आणि केआय-67 हे रंग. केआय-67 शंभर टक्क्यांच्या जवळ आला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पेशी विभाजनाच्या चक्रात आहे. मिकची जागा फिश तपासणीत कळते. तुकडा घेण्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर गाठ तात्पुरती विरते आणि निदान हुकतं.

उपचारातला पहिला धोका औषध लागू पडण्यातच आहे. एकदम मेलेल्या पेशींतून युरिक आम्ल, पोटॅशियम रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून आधी भरपूर सलाइन, अॅलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज. मग जोरकस केमो, बऱ्याचदा रिटक्सिमॅब, आणि मेंदूकडे आजार जाऊ नये म्हणून पाठीच्या मणक्यातून औषध. केमो मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशींना गाठते, त्यामुळे हा वेगवान कर्करोग बराही होतो. प्रगत केंद्रांत दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात. प्रौढांत हे प्रमाण कमी असतं.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मिरज-कराडहून परळच्या टाटा मेमोरियलला पाठवलं, तर रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्या. तिथे त्या पुन्हा पाहतात, आणि ब्लॉक नसला तर गाठ दुसऱ्यांदा कापावी लागू शकते.