वाळवंट खरेच पुढे सरकते का?

सहारा वाळवंट दरवर्षी साडेपाच किलोमीटर दक्षिणेकडे सरकते, असे विधान आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. हा आकडा आला कोठून? १९७५ साली ह्यू लॅम्प्री या शास्त्रज्ञाने उत्तर सुदानची विमानातून पाहणी केली. वनस्पतींची सीमा त्याला जेथे दिसली, तिची तुलना त्याने १९५८ सालच्या नकाशाशी केली. १७ वर्षांत ती सीमा ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला आलेली दिसली. भागाकार केला, की वर्षाला सुमारे साडेपाच किलोमीटर!

भागाकार बरोबर, पण निष्कर्ष? सहाराच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यात १९५०चे दशक चांगल्या पावसाचे होते. १९७५ची पाहणी मात्र मोठ्या दुष्काळानंतरची होती. एखादे माळरान ऑगस्टमध्ये पाहावे, पुन्हा मे महिन्यात पाहावे आणि जमीन ओसाड झाली म्हणावे, तसाच हा प्रकार.

दोन निरीक्षणांऐवजी सलग नोंद हवी. ती उपग्रहांमुळे मिळू लागली. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. दोन्ही परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले, की हिरवाईचा निर्देशांक मिळतो. समजा, एका शेतातून अवरक्त ४५ टक्के व तांबडा ५ टक्के परावर्तित झाला, तर निर्देशांक ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. उघड्या मातीसाठी हेच आकडे ३० व २० असतील, तर तो फक्त ०.२.

कॉम्प्टन टकर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या काळातील सहाराची दक्षिण सीमा याच रीतीने आखली. १९८० ते १९८४ या काळात ती सुमारे २४० किलोमीटर दक्षिणेला गेली. पुढच्याच वर्षी सुमारे ११० किलोमीटर उत्तरेला परतली. नंतरही ती पावसाबरोबर मागेपुढे होत राहिली.

मग जमिनीचा कस जातच नाही का? जातो. पण तो ओळखण्यासाठी आम्ही वेगळा प्रश्न विचारतो : तेवढाच पाऊस पडूनही हिरवाई पूर्वीपेक्षा कमी आहे का? अनेक वर्षांच्या नोंदींत उत्तर 'हो' असेल, तर माती वाहून जाणे, क्षार वाढणे, अतिचराई अशा कारणांचा शोध घ्यावा लागतो. उलट, हिरवे दिसते ते सारे निरोगी असते असेही नाही. कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात वेडी बाभूळ पसरली. उपग्रहाला ती हिरवीच दिसते, पण गुरांचे गवत कमी झालेले असते. म्हणून चित्र पाहिल्यावर जमिनीवर जाऊन खात्री करावीच लागते.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. दुष्काळाला ऱ्हास समजलो, तर पशुपालकांच्या माथी नाहक दोष येतो. चांगल्या पावसाच्या हिरवाईला भुललो, तर खरा ऱ्हास नजरेआड राहतो.

शाळेजवळच्या टेकडीचे छायाचित्र दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एकाच जागेवरून घ्यावे आणि त्याखाली त्या वर्षीचा पाऊस लिहावा. पाच-दहा वर्षांत विद्यार्थ्यांच्या हाती स्वतःचा पुरावा येईल. केवळ दोन छायाचित्रांवरून मात्र त्यांना निष्कर्ष काढू देऊ नये.