टाके पडलेत? मग अंडे बंद करू नका

घरात कुणाचे ऑपरेशन झाले की पहिला हुकूम सुटतो परहेजचा. अंडे नको, गोश्त नको, आंबट नको, पू होईल! मग आठ-आठ दिवस पातळ खिचडी नाहीतर चहा-खारी. दादी-नानींची माया खरी, पण अशाने जखम उपाशी राहते.

पू जंतूंमुळे होतो, अंड्यामुळे नाही. जखम भरताना शरीर नवे मांस, नवी कातडी तयार करते. त्याला लागतात प्रथिने. एका अंड्यात ती साधारण 6 ग्रॅम असतात. गोश्त, मासळी, दही, डाळ, चणे, जे परवडेल ते रोज द्यावे. नव्या कातडीचे धागे विणायला 'क' जीवनसत्त्व हवे, आणि ते असते लिंबू, आवळा, संत्र्यात. म्हणजे आपण बंद करतो तेच! स्वस्तातला पेरू तर लिंबापेक्षा कितीतरी सरस. किडनीच्या त्रासामुळे वगैरे डॉक्टरांनी काही बंद केले असेल, तर ते मात्र पाळावे.

आता लावायच्या औषधांचे. मधात शिफा असल्याचे सूरह नहलमध्ये आले आहे. मध ओलावा शोषून घेतो, जंतूंना वाढू देत नाही, म्हणून दवाखान्यातही जखमेवर वापरतात. पण तो निर्जंतुक केलेला असतो. दुकानातली बाटली खोल जखमेवर ओतू नये. डब्यातल्या हळदीचेही तेच, वर रंगाची भेसळ. ती दुधात खुशाल घ्या. खरचटले तर साबण-पाणी आणि स्वच्छ पट्टी पुरते. भाजले तर टूथपेस्ट नको, 20 मिनिटे नळाखाली धरा. बकरी ईदला सुरी खोल लागली, तर कापड दाबून धरून दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

शुगर असलेल्यांची गोष्ट वेगळी. पाय बधिर, त्यामुळे जखम दुखतच नाही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या नानांना चपलेचा फोड आला होता. महिनाभर हळद-तेल बांधले, शेवटी अंगठा काढावा लागला. शुगरवाल्याच्या पायाला काहीही झाले तर घरगुती इलाज नको, त्याच दिवशी डॉक्टर. वुजू करताना बोटांमध्ये खिलाल करतोच, तेव्हाच तळवाही पाहून घ्यावा. वाकता येत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे.