कलमांआधी कागद आणि मुदत

वडगाव निंबाळकरला पोलीस ठाणं गावातच आहे. तहसील कचेरी, प्रांत कार्यालय आणि कोर्ट यांसाठी मात्र बारामती गाठावी लागते. अडवलेला शेतरस्ता, भावांनी परस्पर घातलेली वारसनोंद, न वटलेला चेक, सासरचा जाच... गाऱ्हाणं कोणतंही असो, माणूस आधी विचारतो, ‘जायचं कुठं?’ कलम कोणतं, हे नंतर. या पहिल्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर देणारा, वकील नसलेला पण कायद्याची वाट माहीत असलेला माणूस म्हणजे पॅरालीगल.

शहरात तो लॉ फर्ममध्ये कागदपत्रं लावतो, मसुदे तयार करतो. गावात त्याचं सरकारमान्य रूप म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटिअर. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ही योजना २००९ मध्ये आणली. तिचा पाया विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा. हा कायदा १९८७ चा, पण अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या महिला, कायद्याचे विद्यार्थी अशांतून स्वयंसेवक निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं जातं.

कागद वाचायला शिका

पहिला धडा सातबाऱ्याचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सातबारा महत्त्वाचा, पण मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. म्हणून उताऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून मागे जायचं. नोंद कशाच्या आधारे पडली? वारसाने, खरेदीखताने की हक्कसोडपत्राने? मूळ दस्त कुठे आहे? बहिणीने नुसत्या साध्या कागदावर सही दिली म्हणून तिचा जमिनीतला हिस्सा सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीचा हक्क जन्माने आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. पॅरालीगलला एवढं ठाऊक असेल, तर सही करण्याआधीच बहिणीला सावध करता येतं.

तारीख चुकली की हक्क अडकला

दुसरा धडा मुदतीचा. फेरफाराची नोटीस आली की हरकत पंधरा दिवसांत आणि लेखीच द्यायची. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली, तर प्रांताकडे अपील साठ दिवसांत. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि तेही उलटले की महिन्याभरात कोर्टात फिर्याद. बहुतेक गाऱ्हाणी खोटी नसतात, उशिरा पोचलेली असतात. गावकी बसेल, समजूत निघेल, या आशेवर महिने जातात. समजूत जरूर काढावी, पण हरकतीचा अर्ज आधी देऊन पोच घ्यावी.

तिसरा धडा पोलीस ठाण्याचा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी, नोंदवावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस ठाण्यात पॅरा लीगल व्हॉलंटिअर असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच दिला होता.

चौथा धडा मोफत वकिलाचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना मोफत विधी साहाय्य मिळतं; त्यासाठी उत्पन्न पाहिलं जात नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. फोनसाठी क्रमांक १५१००. लोकअदालतीत तडजोड झाली, तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतं. म्हणूनच तडजोडीवर सही करण्याआधी ती पक्षकाराला नीट समजावून सांगणं हे पॅरालीगलचं काम.

थांबायचं कुठे

हा धडा शेवटचा, पण सर्वांत कडक. वकिली करण्याचा हक्क अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार फक्त अधिवक्त्यांना आहे. सनद नसताना कोर्टात वकिली केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पॅरालीगलने माहिती द्यावी, अर्ज लिहायला मदत करावी, सोबत जावं. निकालाची हमी देऊ नये आणि गरजवंताकडून पैसे घेऊ नयेत. हे पथ्य सुटलं की तो कचेरीबाहेरचा दलाल होतो.

करिअर म्हणून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. स्वयंसेवकाला पगार नसतो, कामाच्या दिवसाचं मानधन असतं. पगाराची कामं वकिलांच्या कार्यालयात, कंपन्यांच्या विधी विभागात आणि आरोपींना मोफत वकील देणाऱ्या जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयातल्या सहायक पदांवर. पुढे सनद हवी असेल, तर बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. पण सुरुवातीला त्याची वाट पाहायला नको. आपल्या घरचा सातबारा, आठ-अ आणि गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढा आणि प्रत्येक नोंदीचं कारण शोधा. एवढं जमलं, की तालुका विधी सेवा समितीकडे स्वयंसेवक म्हणून अर्ज करा.