दुखापतीनंतर मैदानात परतलात, पण खेळ पूर्वीसारखा का होत नाही?

"डॉक्टर, हा पुन्हा कधी खेळू शकेल?" गुडघ्याच्या किंवा मांडीच्या दुखापतीनंतर खेळाडू आणि त्याचे आई-वडील सर्वांत आधी हाच प्रश्न विचारतात. अहिल्यानगर जिल्ह्यात कुणासमोर शालेय फुटबॉल स्पर्धा असते, कुणासमोर कबड्डीची निवड चाचणी, तर कुणासमोर पोलीस भरतीची १६०० मीटर धाव. प्रत्येकाला एक तारीख हवी असते. पण तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: परतल्यावर खेळ कसा होईल?

मैदानात परतणे आणि पूर्वीच्या ताकदीने खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींमध्ये काही आठवड्यांचे, तर कधी काही महिन्यांचे अंतर असते. हे आधी माहीत नसेल तर खेळाडू निराश होतो, घाई करतो आणि पुन्हा जखमी होतो. म्हणून हा काळ कसा असतो ते समजून घेऊया.

व्यावसायिक फुटबॉलपटूंचे काय होते?

युरोपातील मोठ्या फुटबॉल क्लबांमधील दुखापतींची नोंद २००१ पासून सातत्याने ठेवली जात आहे. त्यातून दोन दुखापतींबद्दल बरेच शिकायला मिळते.

पहिली म्हणजे गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, फाटणे. या क्लबांमधील जवळजवळ सर्व खेळाडू शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतले. मात्र तीन वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांपैकी सुमारे ६५ टक्केच सर्वोच्च पातळीवर खेळत होते. या खेळाडूंच्या दिमतीला स्वतःचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि व्यायामशाळा असते, तरीही ही स्थिती आहे. सर्व प्रकारच्या खेळाडूंचा एकत्र विचार केला तर एसीएल शस्त्रक्रियेनंतर साधारण ८० टक्के लोक कोणता ना कोणता खेळ पुन्हा खेळू लागतात, पण पूर्वीच्या पातळीवर पोहोचतात ते सुमारे ६५ टक्के.

दुसरी म्हणजे मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची दुखापत. वेगाने धावताना मांडीच्या मागे अचानक कळ येते आणि खेळाडू लंगडत थांबतो. ती तुलनेने लवकर बरी होते, म्हणूनच फसवी आहे. युरोपातील क्लबांमध्ये अशा दुखापतींपैकी सुमारे १८ टक्के पुन्हा झालेल्या होत्या आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक परतल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत झाल्या. फुटबॉलपटूंच्या एका अभ्यासात असेही दिसले की खेळायला परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांचा धावण्याचा वेग आणि पुढे झेपावण्याची ताकद कमीच होती. ती पुढच्या दोन महिन्यांत भरून आली.

म्हणजे परतल्यानंतरचे पहिले दोन महिने हा उपचाराचाच भाग आहे.

श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण

खेळ वेगळा असला तरी स्नायू तोच असतो. आपल्या जिल्ह्यात, श्रीरामपूरला जन्मलेल्या झहीर खानने डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले. त्यानंतर हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीमुळे तो ॲडलेडची कसोटी खेळू शकला नाही. मेलबर्नला तो परतला, पण सिडनीच्या पुढच्या कसोटीत पुन्हा बाहेर होता.

जुलै २०११ मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी दोन बळी घेतल्यावर हॅमस्ट्रिंगने त्याला पुन्हा थांबवले. त्या दौऱ्यात तो परत कसोटी खेळला नाही. नंतर घोट्याची शस्त्रक्रियाही झाली. या वेळी पुनरागमन पायरीपायरीने झाले. आधी तो मुंबईकडून रणजी सामने खेळला आणि मग डिसेंबरमध्ये मेलबर्नला कसोटी संघात उतरला. त्या मालिकेत त्याने १५ बळी घेतले. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ९२ कसोटींत ३११ बळी होते.

फुटबॉलमधले उदाहरण संदेश झिंगनचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा अख्खा हंगाम गेला. पुढच्या हंगामात तो परतला आणि देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याला मिळाला. एफसी गोवाकडून खेळत असताना, जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात त्याचा गुडघा पुन्हा दुखावला आणि पुन्हा तीच लांबची वाट चालावी लागली. दुखापत म्हणजे कारकीर्दीचा शेवट नव्हे, पण एकदा बरे झालो म्हणजे कायमचे सुटलो असेही नाही.

खेळ मंदावण्याची कारणे

• स्नायू बारीक होतो. गुडघा दुखावला की मांडीच्या पुढचा स्नायू काही आठवड्यांतच वाळतो. चालताना हा फरक जाणवत नाही, उडी मारताना आणि अचानक थांबताना जाणवतो.

• बसवलेला अस्थिबंध लगेच पक्का होत नाही. एसीएलच्या जागी शरीरातलाच एखादा स्नायुबंध बसवतात. त्यात नव्याने रक्तपुरवठा व्हावा लागतो आणि तो पूर्ण मुरायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दुखणे मात्र खूप आधी थांबते. त्यामुळे "दुखत नाही म्हणजे बरे झाले" हा समज इथे धोक्याचा ठरतो.

• गुडघ्याची जाण कमी होते. पाय कुठे आणि कसा टेकतो आहे याची माहिती अस्थिबंधातील मज्जातंतू मेंदूला देत असतात. अस्थिबंध फाटल्यावर ही जाण बिघडते. तोल सांभाळण्याच्या व्यायामांनी ती सुधारते.

• दम कमी पडतो. सायकलिंग आणि जॉगिंगने फिटनेस टिकतो, पण सामन्यातले वारंवार जोरात धावणे, थांबणे आणि वळणे याची सवय सामन्यासारख्या सरावानेच परत येते.

• मनात भीती राहते. "पुन्हा तसेच झाले तर?" या विचाराने खेळाडू नकळत पाय आखडता घेतो. एसीएलनंतर पूर्वीच्या पातळीवर न परतण्यामागे ही भीती एक मोठे कारण असते. तो भित्रेपणा नाही. फिजिओथेरपिस्टशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला.

परतायची योग्य वेळ कशी ठरवायची?

नुसते कॅलेंडर पाहून नाही आणि नुसते दुखणे पाहूनही नाही. पुढील सर्व गोष्टी जुळल्या पाहिजेत:

१. सूज नाही आणि सांधा पूर्ण वाकतो व सरळ होतो.
२. जखमी पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आहे.
३. एका पायावर लंगडी घालत मारलेल्या उडीचे अंतर दोन्ही पायांचे जवळजवळ सारखे आहे.
४. पूर्ण वेगाने धावताना आणि अचानक वळताना दुखत नाही.
५. संघाबरोबर पूर्ण सरावाची अनेक सत्रे झाली आहेत.
६. एसीएल शस्त्रक्रियेला किमान ९ महिने झाले आहेत.

नऊ महिन्यांचा आकडा उगीच आलेला नाही. नॉर्वेतील एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झाले. २५ वर्षांखालच्या, खेळात परतलेल्या खेळाडूंमध्ये तर सुमारे २३ टक्के जणांचा त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा एसीएल पुन्हा फाटतो. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी म्हणूनच सर्वांत जास्त धीर धरायला हवा.

परतताना क्रम असा ठेवा: आधी सरळ रेषेत धावणे, मग वळणे, मग धक्काबुक्की नसलेला सराव, मग पूर्ण सराव, मग सामन्यातली २० ते ३० मिनिटे आणि शेवटी पूर्ण सामना. एखाद्या पायरीवर सूज किंवा दुखणे आले तर एक पायरी मागे या.

कुटुंबीयांनी काय करावे?

• पहिल्या काही दिवसांत दुखरा भाग जोराने चोळू नका, चोळून घेऊही नका. फाटलेल्या स्नायूतील रक्तस्राव वाढू शकतो.
• वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन सामना किंवा भरतीची धाव मारू नका. वेदना हा शरीराचा इशारा असतो. तो दाबला की दुखापत मोठी होते.
• शस्त्रक्रियेवर खर्च करून फिजिओथेरपी मध्येच सोडू नका. जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. रोज जाणे जमत नसेल तर घरी करायचे व्यायाम लिहून घ्या आणि ठरलेल्या दिवशी दाखवायला जा.
• पहिल्या काही सामन्यांत "आधीसारखा खेळत नाहीस" असे म्हणू नका. तो तसा खेळणार नाही हे अपेक्षितच असते.
• बरे झाल्यावरही व्यायाम चालू ठेवा. "फिफा ११ प्लस" हा साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप साहित्याशिवाय करता येतो. संघाने तो आठवड्यातून किमान दोनदा नियमित केला तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

• गुडघा चालताना लचकतो, अडकतो किंवा खेळल्यावर सुजतो.
• दुखापतीच्या वेळी "फट्" असा आवाज आला आणि काही तासांत सूज आली.
• मांडीमागे मोठा काळा-निळा डाग पडला आणि पाय टाकता येत नाही.
• शस्त्रक्रियेनंतर ताप आला, जखमेतून पू येतो किंवा पोटरी दुखून सुजली आहे.
• शस्त्रक्रियेनंतर अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले. अशा वेळी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.

भरती पुन्हा निघते, पुढच्या वर्षी स्पर्धाही पुन्हा होते. सतराव्या वर्षी दुसऱ्यांदा फाटलेल्या गुडघ्याचा त्रास मात्र चाळिशीत जिना चढतानाही होऊ शकतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा "कधी खेळू?" याबरोबर "माझ्या पायात अजून काय कमी आहे आणि ते कसे भरून काढू?" हेही विचारा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक दुखापत वेगळी असते, त्यामुळे अंतिम निर्णय तुमचे अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या तपासणीनंतरच घ्या.