भुलाबाईच्या टिपऱ्या आणि मैफलीतलं बाळपण

भाद्रपदाची पौर्णिमा लागली की आमच्या धामणगावात संध्याकाळी टिपऱ्या वाजू लागायच्या. कोणाच्या तरी ओट्यावर भुलाबाई-भुलोजी मांडलेले, समोर पोरींचा घोळका. गाणी संपली की झाकलेला डबा खुळखुळवत एकच गलका: "ओयखा, खाऊ काय हाय?" कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभा राही आणि महिनाभराचा खेळ उलगे. मधेच स्टेशनातून गाडी धडधडत जाई. पोरी थांबत नसत, आवाज चढवत. पुढे शास्त्रीय संगीत ऐकायला लागलो तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला आहे. हे बाळपण मैफलीत कुठून शिरतं?

युरोपात ते उघड दाराने आलं. रॉबर्ट शुमानने 1838 मध्ये पियानोसाठी तेरा छोट्या रचना केल्या, 'किंडरझेनन', म्हणजे बाळपणीची दृश्यं. त्या मुलांनी वाजवाव्यात म्हणून नव्हत्या. मोठ्या माणसाला आठवलेलं बाळपण होतं ते. मुलांच्या बोटांसाठी त्याने 1848 मध्ये वेगळा संग्रह लिहिला. मुलांसाठीचं संगीत आणि बाळपणाविषयीचं संगीत यांतला हा फरक फार मोलाचा आहे. आपल्याकडे दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात. दब्यूसीने 1908 मध्ये 'चिल्ड्रन्स कॉर्नर' या सहा रचना जेमतेम तीन वर्षांच्या लेकीला अर्पण केल्या. त्यांत खेळण्यातल्या हत्तीला निजवणारी अंगाई आहे, खालच्या सुरांत, जड पावलांनी चालणारी. 1918 मध्ये दब्यूसी गेला आणि पुढच्याच वर्षी ती लेकही गेली. हे कळल्यापासून ती अंगाई मला एका दमात ऐकवत नाही.

आपला गवई स्वतःचं बाळपण सांगायला बसत नाही. तो कृष्णाला पुढे करतो. लोणी, फुटलेली घागर, यशोदेचा लटका राग यांवर ठुमरी-दादऱ्यांचा केवढा संसार उभा आहे! दक्षिणेत तर नीलांबरी हा राग अंगाईशीच जोडलेला. त्रावणकोरात 1813 मध्ये स्वाती तिरुनाळ जन्मले, तेव्हा इरयिम्मन तंपींनी रचलेली अंगाई मल्याळी घरांत आजही गायली जाते.

मराठी कानांना अधिक जवळचे द. वि. पलुस्कर. पायांत पैंजण घालून दुडुदुडु चालणाऱ्या बाळ रामाचं तुलसीदासांचं पद त्यांनी गायलं आहे. वडील विष्णु दिगंबर 1931 मध्ये गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्या पदात कुठेही गळा दाखवण्याची घाई नाही. मूल पडू नये म्हणून मागे हात धरून चालावं, तसा तो आवाज शब्दांमागून चालतो.

विष्णु दिगंबरांचेच शिष्य शंकरराव सप्रे नागपुरात शिकवत, आणि त्यांच्याकडे आमच्या वऱ्हाडातला एक मुलगा शिकला. वसंतराव देशपांडे. जन्म 2 मे 1920, मूर्तिजापूर. मूर्तिजापूरहून नागपूरला जाणारा लोहमार्ग बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असाच जातो, म्हणून आम्हाला ते आमच्याच रुळावरचे वाटतात. भालजी पेंढारकरांच्या 1935 च्या 'कालियामर्दन' चित्रपटात ते कृष्ण झाले. पुढे 1967 मध्ये 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, पण मला त्यांच्या गाण्यात तो पोरगा कृष्णच सापडत राहतो. सुराला बिलगून चाललेलं गाणं एकाएकी उडी घेतं, तान अर्ध्यावर दिशा बदलते, आणि समेवर येताना पकडापकडीत निसटून गेल्याचा आनंद असतो. हे तालमीतून येतं, हे मान्य. पण तालमीने सगळ्यांना ते दिलेलं नाही.

तिसरी वाट मला सर्वांत जवळची: मुलांच्या तोंडची गाणीच उचलायची. हंगेरीच्या बार्टोकने 1908-09 च्या सुमारास लोकगीतांच्या चालींवर शिकाऊ मुलांसाठी 85 छोट्या पियानोरचना केल्या. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी देवासच्या आजारपणात माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली आणि रागाचं मूळ धुनेत आहे हे धुनउगम राग बांधून दाखवलं.

मग भुलाबाईच्या गाण्यांनी काय घोडं मारलं आहे? कोणी वऱ्हाडी गवयाने ती हाती घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. चाल चार-पाच सुरांची, टिपऱ्यांचा ठोका पक्का. सासू येते, सासरा येतो, मग दीर, मग जाऊ. नातं बदललं की अक्षरं कमी-जास्त होतात. "जाऊ"ची दोन अक्षरं लांबवायची, "सासरेबुवा" एका दमात कोंबायचे, आणि टिपरीवर बरोबर परत यायचं. बोलबाढतीत गवई याहून वेगळं काय करतो? आठ वर्षांची पोर ते ओट्यावर उभी राहून करायची, एक डोळा खाऊच्या डब्यावर ठेवून.